घटातलं धान आणि नाईलकाठचा देव



आत येताना दोघा-तिघांनी आम्हाला अडवून विचारलं, "अहो, माणदेशात बसून इजिप्तच्या देवांचं काय काढलंत? आमचा सिद्धनाथ आहे, शंभू महादेव आहे, त्यांच्यावर बोला की." प्रश्न रास्त आहे. आज आपण बोलणार आहोत ते आपल्याच देवांवर आणि त्यांच्या सणावारांवर. पण घरातली वस्तू रोज डोळ्यांसमोर असली की दिसेनाशी होते. शेजारच्या घरात तशीच वस्तू पाहिली की मग आपल्या घरातली आठवते. शेजारी म्हणून आज आम्ही इजिप्त घेतलंय, एवढंच.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. इजिप्तचे लोक इथून गेले, किंवा आपण तिकडून आलो, असलं काही आम्ही सांगणार नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. दोन गावांची अडचण सारखी असली की दोन्हीकडचे उपाय सारखे दिसायला लागतात. आजचा मुद्दा तेवढाच आहे: देवाचा दिवस हा मुळात पाण्याचा दिवस असतो, आणि हे कळलं की आपली सणवारांची माळ कशी ओवली आहे तेही कळतं.

काळी आणि माळ

आपल्या गावात पूर्वीपासून दोन शब्द आहेत. वस्ती ती पांढरी आणि शेत ती काळी. काळीत पिकतं, पांढरीत राहायचं. आणि काळीच्या पलीकडे जे उघडं, खडकाळ, मेंढरांना चरायला सोडलेलं रान, तो माळ.

प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशाला काय म्हणत? 'केमेत'. अर्थ, काळी. नाईल नदी पुराबरोबर जो गाळ आणून टाकायची, त्या काळ्या मातीवरून देशाचंच नाव पडलं. आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जे वाळवंट, त्याला ते 'देशरेत' म्हणत, म्हणजे तांबडी जमीन. काळीचा देव ओसायरिस आणि तांबडीचा देव सेत. दोघे सख्खे भाऊ, आणि एक दुसऱ्याला मारतो. कथा आपण पुढे पाहू. पण माणच्या माणसाला ती समजावून सांगायला लागू नये. काळी आणि माळ यांचं भांडण आपण रोज बघतो.

आपला सातारा जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पूर्वेला आपण, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. आपल्याला सरासरीनं पाचशेच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हा खरा. जिल्हा एक, आभाळ एक, पण डोंगर मध्ये उभा आहे.

शिवाय आपला पाऊस उशिराचा. मृग नक्षत्र लागतं 7-8 जूनला. मृगाच्या, आर्द्राच्या पावसावर बाजरी पेरतात, पण त्या पावसाचा भरवसा नाही. आपला खरा पाऊस परतीचा. साधारण 13 सप्टेंबरला उत्तरा, 27 सप्टेंबरच्या सुमारास हस्त, ज्याला आपण हत्तीचा पाऊस म्हणतो. तो पडला की काळी रानं भिजतात, वापसा येतो आणि शाळू पेरला जातो. त्यानंतर शाळूला पाऊस लागत नाही. जमिनीत साठलेली ओल, थंडी आणि दव, एवढ्यावर तो पोसतो. माघ-फाल्गुनात सुगी.

आता नाईलकाठ पाहा. इजिप्तमध्ये तर पाऊस जवळजवळ नाहीच. पण दूर दक्षिणेला इथिओपियाच्या डोंगरात उन्हाळी पाऊस पडायचा आणि नाईलला पूर यायचा. शेतांभोवती बांध घालून ते पाणी महिना-दीड महिना उभं ठेवायचे. जमीन पोटभर प्यायली की पाणी सोडून द्यायचं आणि ओल्या गाळात गहू-जव टाकायचे. त्यानंतर पाणी नाही. साठलेल्या ओलीवर पीक, आणि वसंतात कापणी.

म्हणजे मंडळी, आपला शाळू आणि त्यांचा जव, दोन्ही ओलीवरची पिकं. दोन्हीकडे पाणी आधी येतं, निघून जातं आणि मग दाणा मातीत जातो. पाणी निघून गेल्यावर विश्वास ठेवून पेरायचं, हे दोघांचंही नशीब.

तीन ऋतू आणि पाच दिवस

इजिप्तच्या वर्षात ऋतू तीनच. 'अखेत' म्हणजे पुराचा, 'पेरेत' म्हणजे उगवण्याचा, जमीन वर येण्याचा, आणि 'शेमू' म्हणजे कापणीचा. प्रत्येक ऋतूचे चार महिने, प्रत्येक महिना तीस दिवसांचा. बारा त्रिक छत्तीस, झाले 360. उरले पाच. त्या पाच दिवसांना त्यांनी वर्षाच्या बाहेर ठेवलं आणि एकेक दिवस एकेका देवाचा जन्मदिवस मानला: ओसायरिस, होरस, सेत, आयसिस आणि नेफ्थिस.

वर्ष सुरू कधी व्हायचं? आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा, आपण ज्याला व्याध म्हणतो, तो साधारण सत्तर दिवस सूर्याच्या उजेडात दिसेनासा होतो. मग एके पहाटे सूर्योदयाच्या आधी पूर्वेला पुन्हा दिसतो. इजिप्तमध्ये हा दिवस आणि नाईलचं पाणी चढायला लागण्याचे दिवस जवळजवळ यायचे. त्या ताऱ्याला ते 'सोपदेत' म्हणायचे आणि आयसिस देवीशी त्याचं नातं जोडायचे. तारा दिसला की पाणी येणार. मृग लागला की पाऊस येणार म्हणतो, तसंच हे.

पण त्यात एक गोची होती. वर्ष खरं असतं सुमारे तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं, म्हणजे 365 दिवस आणि वर पाव दिवस. यांनी तो पाव दिवस सोडून दिला. परिणाम काय? दर चार वर्षांनी कॅलेंडर एक दिवसानं सरकलं. एका पिढीला कळणार नाही. पण शंभर वर्षांत पंचवीस दिवस. होता होता अशी वेळ यायची की कॅलेंडरात पुराचा ऋतू चालू आहे आणि शेतात कापणी. सगळं चक्र पुन्हा जागेवर यायला 1460 वर्षं लागायची. इ.स.पू. 238 मध्ये तिसऱ्या टॉलेमी राजाच्या काळात पुजाऱ्यांनी ठराव केला की दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा. ठराव दगडावर कोरला, पण लोकांच्या अंगवळणी पडला नाही. अखेर दोनशे वर्षांनी, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात ते वर्ष स्थिर झालं.

हे आम्ही का सांगतोय? कारण आपल्या पूर्वजांसमोरही हीच गोची होती आणि त्यांनी ती वेगळ्या वाटेनं सोडवली. आपल्या तिथी चंद्रावर. चंद्राचं वर्ष 354 दिवसांचं, म्हणजे दर वर्षी अकरा दिवस कमी. ते तसंच सोडलं असतं तर दिवाळी हळूहळू उन्हाळ्यात गेली असती. म्हणून साधारण दर 32-33 महिन्यांनी अधिक महिना. 2023 साली अधिक श्रावण आला होता तो याचसाठी.

तरीही तिथी थोडी मागेपुढे होतेच. घटस्थापना 2023 साली 15 ऑक्टोबरला होती, 2024 साली 3 ऑक्टोबरला, 2025 साली 22 सप्टेंबरला. तीन वर्षांत तीन आठवड्यांचा फरक. मग शेतकऱ्यानं पेरायचं कधी? त्याची सोय म्हणून पावसाची नक्षत्रं सूर्यावर ठेवली. मृग, आर्द्रा, उत्तरा, हस्त यांच्या इंग्रजी तारखा दरसाल एखाद्या दिवसानं इकडेतिकडे, बस. म्हणजे आपल्या घरात दोन घड्याळं आहेत. देवाचं चंद्रावर, पेरणीचं सूर्यावर. अधिक महिना या दोघांची गाठ घालतो. आपल्या आजीला हे गणित येत नव्हतं, पण "औंदा घट लवकर बसलेत, हत्ती मागनं येणार" हे तिला बरोबर कळायचं.

घट

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आश्विन शुद्ध प्रतिपदा. आपल्या घराघरात घट बसतात. पत्रावळीवर रानातली माती आणून पसरायची, त्यात थोडं खत. मध्ये पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं. भोवतीच्या मातीत धान पेरायचं: ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस, घरात जे रब्बीचं बियाणं असेल ते. रोज एक माळ, रोज थोडं पाणी, शेजारी तेवता दिवा. मडकं झिरपतं आणि मातीला ओल देत राहतं. दसऱ्याला घट उठतात तेव्हा धान चांगलं वीतभर झालेलं असतं. त्याचे तुरे देवाला वाहायचे आणि पुरुषांनी टोपीत खोवून सीमोल्लंघनाला जायचं.

आता नाईलकाठी चला. पूर ओसरायला लागला की अखेत ऋतूचा शेवटचा महिना यायचा. त्याचं नाव खोइयाक. तो ओसायरिसचा महिना.

कथा अशी. ओसायरिस काळीचा राजा. त्याचा भाऊ सेत त्याला कपटानं मारतो, देहाचे तुकडे करून देशभर फेकतो. बायको आयसिस आणि बहीण नेफ्थिस रडत रडत तुकडे गोळा करतात, बांधतात, आणि त्याच्यात पुन्हा जीव आणतात. पण तो परत राज्यावर येत नाही. तो मातीखालच्या जगाचा राजा होतो आणि वर त्याचा मुलगा होरस राज्य करतो. दाण्याचं असंच होतं. जो दाणा पेरला तो काही तुम्हाला परत मिळत नाही. तो मातीत राहतो, आणि वर येतं ते त्याचं पोर.

या महिन्यात इजिप्तच्या देवळांत काय करायचे, ते देंदेरा इथल्या हाथोर देवीच्या मंदिराच्या भिंतीवर सविस्तर कोरून ठेवलेलं आहे. मजकूर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. ओसायरिसच्या आकाराचा साचा घ्यायचा. त्यात वाळू आणि जवाचे दाणे भरायचे. महिन्याच्या 12 तारखेला ते ठेवायचं, रोज पाणी घालायचं आणि 21 तारखेला उगवलेला देव साच्यातून बाहेर काढायचा. मग तो सुकवून, कापडात गुंडाळून जपायचा, आणि महिनाअखेरीस विधिपूर्वक पुरायचा.

ही चाल फार जुनी. 1922 साली हॉवर्ड कार्टर यांना तुतनखामुन राजाची कबर सापडली. त्यात सोनं किती होतं ते सगळ्यांनी वाचलंय. पण त्याच कबरीत ओसायरिसच्या आकाराची एक लाकडी चौकट होती, तिच्यात नाईलचा गाळ भरलेला, आणि त्यात पेरलेले दाणे उगवून वाळलेले. म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी राजाला निरोप देताना कुणीतरी ते दाणे ओलवले होते. आपण पाहिलं असतं तर एकच म्हटलं असतं, "अरे, हा तर घट!"

बारा ते एकवीस, नऊ दिवस. आपलंही नवरात्र. इथे लगेच उडी मारू नका. नऊचा आकडा जुळला म्हणून एकाची पूजा दुसरीकडे गेली असं होत नाही. ओल्या मातीत दाणा तीन-चार दिवसांत मोड दाखवतो आणि आठ-दहा दिवसांत डोळ्यांत भरेल एवढा होतो. जवही तसाच, ज्वारीही तशीच. दिवस देवांनी ठरवले म्हणा किंवा दाण्यानं ठरवले म्हणा, हिशोब एकच येतो.

आणि वेळ बघा. घट बसतात ते उत्तरा-हस्ताच्या दिवसांत, शाळूची पेरणी तोंडावर असताना. खोइयाक यायचा तो पूर ओसरून पेरणी तोंडावर असताना. आज कृषी खातं सांगतं, पेरणीआधी बियाण्याची उगवणक्षमता तपासा: शंभर दाणे घ्या, ओल्या गोणपाटात ठेवा, किती मोड आले ते मोजा. घटात वेगळं काय होतं? आपल्याच रानातली माती आणि आपल्याच कणगीतलं बियाणं. दसऱ्याला म्हातारी माणसं वाकून बघायची, औंदा कोणतं धान चांगलं आलंय, कोणतं पिवळं पडलंय. घट हा त्यासाठीच निघाला असं आम्ही म्हणत नाही. पण घट बघणाऱ्या घराला बियाणं कळत होतं, हे नक्की.

देवाचं लग्न आणि पाण्याची कावड

आता आपल्या दोन मोठ्या देवस्थानांकडे येऊ.

म्हसवडला सिद्धनाथ आणि जोगेश्वरी. तिथे देवाचे घट बसतात ते दिवाळी पाडव्याला, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. बारा दिवस नवरात्र चालतं. काही भाविक उभं नवरात्र करतात, म्हणजे बारा दिवस बसायचं नाही. मग तुळशीच्या लग्नाच्या वेळी देवाचं लग्न, आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ. देव-देवी रथात बसून लोकांच्यात येतात. तोवर शाळू गुडघ्याच्या वर आलेला असतो, पेरणीची घाई संपलेली असते, खुरपणी-कोळपणी आटोपत आलेली असते. घरातलं कार्य असो की देवाचं, ते कामाच्या उसंतीतच निघतं.

शिखर शिंगणापूरला शंभू महादेव आणि पार्वती. तिथे लग्न चैत्रात. गुढीपाडव्यापासून यात्रा, पंचमीला हळद, अष्टमीला लग्न, द्वादशीला कावडी आणि पौर्णिमेपर्यंत गर्दी. सुगी झालेली, धान्य घरात आलेलं, खळी मोकळी. लग्न काढायला याहून चांगली वेळ कोणती?

इजिप्तमध्येही देवाचं लग्न होतं. देंदेराची हाथोर देवी नावेत बसून, नदीच्या उलट दिशेनं दीडशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून एदफूच्या होरसला भेटायला जायची. तो कापणीचा ऋतू. वाटेत गावोगाव थांबायची, लोक दर्शनाला यायचे. अमावास्येला पोचायची आणि पौर्णिमेपर्यंत राहायची. सुगीनंतर, शुक्ल पक्षात, अमावास्या ते पौर्णिमा. आपल्या शिंगणापूरच्या यात्रेचं वेळापत्रक वाचल्यासारखं वाटतं ना?

पण एक मोठा फरक आहे, आणि तो फरकच आपला आहे. हाथोर नदीतून जाते, कारण नदी आहे. शिंगणापूर डोंगरावर आहे आणि चैत्रात तिथे पाणी नाही. मालोजीराजे भोसले, शिवछत्रपतींचे आजोबा, यांनी तिथे तलाव बांधला तो यात्रेकरूंच्या पाण्यासाठीच. मग लोक काय करतात? देवासाठी पाणी खांद्यावरून आणतात. कऱ्हाकाठच्या सासवडहून तेल्या भुत्याची मानाची कावड निघते. ठिकठिकाणच्या नद्यांचं पाणी घेऊन कावडी येतात. चैत्राच्या उन्हात चालत येतात, आणि द्वादशीला मुंगी घाटाच्या कड्यावर दोर लावून, माणसांची साखळी करून, एकमेकांना हात देत ती वर चढवतात. मग ते पाणी महादेवावर पडतं.

इजिप्तच्या माणसाला देव पाणी देतो. पुराच्या देवाचं नाव हापी, मोठ्या पोटाचा, भरल्या अंगाचा. पाणी किती चढलं ते पायऱ्यांवर कोरलेल्या खुणांनी मोजायचे, आणि त्यावरून सारा ठरायचा. रोमन लेखक प्लिनीनं तो हिशोब लिहून ठेवलाय: पाणी बारा हात चढलं तर उपासमार, तेरा हात तर अजून टंचाई, चौदा हात आनंद, पंधरा हात निर्धास्त, सोळा हात चैन. चार हातांत उपाशी माणूस चैनीत. माणमध्ये उलट आहे. इथे वर्षाच्या सगळ्यात कोरड्या महिन्यात माणूस देवाला पाणी देतो. डोंगरावर पाणी चढवायचं असेल तर एकट्याचं काम नाही, साखळी लागते, हे या मुलखाला लिफ्ट इरिगेशन येण्याआधी किती तरी पिढ्या माहीत होतं.

घरात उगवलं, रानात नाही

आता जरा अवघड गोष्ट. 2018 साल आठवा. घट बसले 10 ऑक्टोबरला. हत्तीनं पाठ फिरवली होती. माण तालुका त्या वर्षी सरकारच्या दुष्काळी यादीत गेला. आम्ही त्या दसऱ्याला एका वस्तीवर होतो. देव्हाऱ्यापुढे धान हिरवंगार, वीतभर. बाहेर रान तापलेलं, पाभर सोप्यात उभी केलेली. घटाला घातलेलं पाणी टँकरचं होतं. घरातल्या म्हातारीनं तुरे उपटले, नातवाच्या टोपीत खोवले आणि म्हणाली, "बियाणं चांगलं हाय बाबा, पाण्यानंच दगा दिला."

आम्ही ते वाक्य विसरलो नाही. कारण दोन गोष्टी तिनं बरोबर वेगळ्या केल्या होत्या. काय बिघडलं आणि काय शाबूत आहे. कणगीतलं बियाणं विकू नका, खाऊ नका, पुढच्या सालाला ठेवा, एवढं त्या धानानं तिला सांगितलं होतं. ओसायरिसची गोष्ट हेच सांगते की. सेत देशभर तुकडे फेकतो, पण आयसिस ते गोळा करून जपते. वाईट साली जपणं हीच भक्ती असते.

1876-78 च्या दुष्काळात आपल्याकडच्या लोकांनी दुष्काळी कामावर माती वाहिली, त्यातून माणगंगेवर राजेवाडीचा तलाव उभा राहिला. 1972 साली पाझर तलाव खोदले. 2012-13 ला जनावरं छावणीत नेली. आणि त्या सगळ्या सालांत घट बसत होतेच.

पाणी आलं, मग देवाचं काय?

इजिप्तमध्ये 1970 साली आस्वानचं उंच धरण पूर्ण झालं. हजारो वर्षं येणारा पूर थांबला. आता पाणी बारमाही, पिकं दोन-तीन, आणि गाळ धरणातच अडकतो म्हणून खत विकत. त्याच्या कितीतरी आधीच देव गेले होते. चित्रलिपीतला शेवटचा लेख फिले इथल्या मंदिरात इ.स. 394 मध्ये कोरला गेला. मग ती लिपी वाचणारं कुणी राहिलं नाही. पण एक गोष्ट राहिली. महिने राहिले. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती आजही जे कॅलेंडर पाळतात, त्यात हाथोर नावाचा महिना आहे, खोइयाकही आहे. धर्म बदलला, भाषा बदलली, तरी खेड्यातले शेतकरी कोणत्या महिन्यात काय पेरायचं, थंडी कधी पडणार, हे त्याच नावांनी सांगत आले. देऊळ पडलं तरी पेरणीचा दिवस टिकला.

आपल्याकडे आता पाणी येतंय. आटपाडीकडे टेंभूचं, माणकडे उरमोडीचं, जिहे-कठापूरचं. ऊस दिसतो, डाळिंब दिसतं. चांगलंच आहे, ज्यांनी टँकरच्या रांगेत दिवस काढले त्यांना पाण्याचं मोल सांगायला नको. पण शाळू कमी होतोय. बियाणं पिशवीतून येतं. घटाला माती बाजारातून येते, तयार पाकिटात, धानासकट. दिसायला घट तसाच, पण त्या मातीला आपल्या रानाची काही खबर नसते. आणि परतीचा पाऊसही पूर्वीसारखा ठरल्या दिवशी येत नाही. कधी हस्तात थेंब नाही, कधी दिवाळीत रानं वाहून जातात. इजिप्तचं कॅलेंडर सरकलं होतं. आपलं कॅलेंडर जागेवर आहे, पाऊस सरकतोय. म्हणून खूण जपायची असेल तर ती डोळे उघडे ठेवून जपावी लागेल.

एक प्रश्न

व्याख्यानानंतर एका तरुणानं विचारलं, "सर, तुम्ही सगळं शेतीवर आणलंत. मग देव कुठे राहिला? हे सगळं बियाणं तपासणंच असेल तर पूजा कशाला?"

प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तरही इथे देतो. ही वाटणी आपली, आजची. शेती एका खात्यात, देव दुसऱ्या खात्यात. ज्यानं जवाच्या दाण्यांचा ओसायरिस केला, त्याच्या मनात अशी दोन खाती नव्हती. दाणा उगवणं हाच त्याला चमत्कार होता. आणि तो आहेच. उगवण कशी होते ते विज्ञान सांगतं, आपण ते शिकावं. पण पाणी निघून गेल्यावर, घरातलं उरलंसुरलं धान्य मूठभर उचलून मातीत टाकायचं आणि चार महिने वाट बघायची, याला नुसती माहिती पुरत नाही, धीर लागतो. तो धीर वर्षातून एकदा सगळ्या घराला एकत्र बसवून देण्याचं काम घट करतो. मुंगी घाटातल्या साखळीत हात देणाऱ्याला विचारा देव कुठे आहे. तो म्हणेल, "आधी कावड वर जाऊ द्या."

तेव्हा मंडळी, येत्या आश्विनात एवढं करा. माती पाकिटातली आणू नका, आपल्या रानातली आणा. रान विकलं असेल तर भावकीतल्या कुणाच्या तरी रानातली आणा. धान आपल्या किंवा शेजारच्या कणगीतलं टाका. लहान पोरांना दाणे मोजून पेरायला लावा आणि दसऱ्याला किती उगवले ते मोजायला लावा. आणि घराच्या कॅलेंडरवर, घट बसले त्या तारखेच्या चौकोनात, त्या साली हत्तीचा पाऊस कधी पडला ते लिहून ठेवा. पडलाच नाही, तर तेही लिहा. दहा वर्षांनी ती कॅलेंडरं एकाखाली एक ठेवून बघा. आपल्या मुलखाचं पाणी कुठे सरकलंय ते तुमच्याच हस्ताक्षरात दिसेल.